रिकामी कांडी

बाबा, आज फॅक्टरीत एक गोष्ट घडली. ती तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यात मजा नाही, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली. तरी लिहिते.

मिलच्या साचाखात्यात कापड विणणारे साचे धडधडत असायचे, शेजारच्याने मारलेली हाकसुद्धा ऐकू यायची नाही, म्हणून तुम्ही मिलवाले ओठांवरून बोलायचात. ती विद्या तुम्ही घरी आणलीत आणि मला दिलीत. आईचं तोंड स्टोव्हकडे असतं, तुम्ही ताटावरून माझ्याकडे बघता आणि नुसते ओठ हलवता, वरणात मीठ नाही. मी फिसकन हसते. आई वळून म्हणते, "काय खुसुरफुसुर चाललीये रे बाप-लेकीची?" आणि तुम्ही एकदम साळसूद होऊन भाताचा घास घेता. तुमचा विव्हिंग मास्टर मालकांचा भाचा होता. तुटलेला धागा जोडता येत नव्हता त्याला, ओठ वाचता येत नव्हते, ओरडता मात्र झकास यायचं. तो समोर उभा राहून ओरडायचा आणि तुम्ही अदबीने मान डोलवत त्याच्या तोंडावर, बिनआवाजाचं, म्हणायचात, "रिकामी कांडी." धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं तरी धोटा धावतच राहतो, खटखट होते, कापड काही पुढे सरकत नाही. सगळं खातं मान खाली घालून हसायचं आणि मास्टरला वाटायचं, काय वचक आहे आपला!

मग मिलच्या गेटला कुलूप लागलं आणि मी सांवेर रोडच्या शेव-चिवड्याच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी मी चपला घालत होते, तेव्हा तुम्ही दारात येऊन बजावलंत, "ओठ हलव बेटा, आवाज नको काढू. आवाज काढला की नौकरी गेली, समझली ना?" मी हो म्हटलं. पण तेव्हाच मनात आलं होतं, आज लिहून टाकते. तुम्ही जन्मभर आवाज काढला नाहीत, मग तुमची नोकरी कुठे राहिली?

मलाही तुमच्या मास्टरचा भाऊ शोभेल असाच साहेब मिळाला. सेठजींचा मेव्हणा. गळ्यात टाय, बसायला काचेची नवी केबिन, आणि तोंडात सदानकदा, "अब कंपटीशन का जमाना है." आमची सीलिंग मशीनं फार आवाज करायची, म्हणून मी बायकांना तुमची भाषा शिकवली, आणि भाषेबरोबर तुमची ती 'रिकामी कांडी'ही. पठ्ठ्या लाइनवरून फिरायला लागला की सगळ्यांचे ओठ एकदम हलायचे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सेठजींवर छाप पाडायला त्याने मशीनची स्पीड वाढवायला लावली. मी म्हटलं, "साहब, पाकीट कच्चं राहील, हवा लागेल." तो म्हणाला, "तुम पैकिंग करो, दिमाग मत लगाओ." झालं, बेटम्याच्या व्यापाऱ्याने सादळलेल्या शेवेची पोती गेटवर आणून ओतली.

सेठजी केबिनमध्ये शिरले. दार बंद, मशीनं चालू, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण काच होती, बाबा! मी मेव्हण्याचे ओठ वाचले. "औरतों की लापरवाही है जीजाजी. इस लाइन की सबको हटा दो." माझ्या हातातलं पाकीट तिथेच राहिलं. आमच्या घरात तेव्हा माझ्याच पगारावर चूल पेटत होती, आणि बाकीच्या बायकांकडे तरी वेगळं काय होतं? तुमचं वाक्य आठवलं. आठवलं, आणि रागच आला तुमचा. मी दार ढकललं आणि मोठ्याने म्हटलं, "सेठजी, हटाना है तो इनको हटाओ. स्पीड इन्होंने बढ़वाई, मैंने सबके सामने मना किया था." मेव्हणा पांढरा पडला. "इसको किसने बताया?" म्हणाला, आणि तिथेच फसला. सेठजींनी बाहेर येऊन बायकांना विचारलं. त्या दिवशी आमच्या लाइनवर कुणीही नुसते ओठ हलवले नाहीत.

कुणाचीही नोकरी गेली नाही. मेव्हण्याला गोदामाकडे धाडलं. मी मात्र तुमचं ऐकलं नाही, आणि त्याचं मला आजही जराही वाईट वाटत नाही.

आता त्या काचेच्या केबिनमध्ये मी बसते. राजेंद्र नगरहून येताना स्कूटर वाऱ्यासारखी पळते माझी. आज सकाळी पाकिटांचा फिल्म रोल संपला, मशीन थांबलं, आणि मी सगळ्यांना फैलावर घेतलं. मग आत येऊन बसले. काचेतून पाहते तर एक नवी पोरगी, मिल जिने कधी आतून पाहिली नाही, कांडी कशाशी खातात तेही जिला ठाऊक नाही, माझ्या केबिनकडे बघत, अदबीने मान डोलवत शेजारणीला नुसत्या ओठांनी म्हणत होती, "रिकामी कांडी."

बाबा, मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. उद्या तिला बोलावून सांगणार आहे, म्हणायचं ना, मग आवाज काढून म्हण. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, खणातच राहील. पण तुम्हाला सांगायला हरकत नाही, रोल मागवायला मीच विसरले होते.