दाराबाहेरचं बाक

ता. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण तू पेपर तपासत तपासत हूं हूं करतेस आणि पुढच्या महिन्यात म्हणतेस, मला कुणी कळवलंच नाही. म्हणून लेखी कळवते. तुझी टिटवी निवडली गेली. जिच्या रडण्यावरून पाळण्यात असतानाच तू हे नाव ठेवलंस, तीच आता मुलांच्या संगीत नाटकात मुख्य भूमिका करणार आहे.

संस्था आहे जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात अजून शाईचा वास येतो. चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. साठी ओलांडलेल्या, ताठ, आणि बोलतात इतकं हळू की ऐकणारा आपोआप पुढे वाकतो. टिटवीचं गाणं झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “हा आवाज तुमच्या घरात वाया चालला होता. आता तो माझ्याकडे द्या.” मी इतकी फुशारले की वेड्यासारखी मान डोलावली.

तालमीला आईबापांना आत घेत नाहीत. दाराबाहेर एक लांब बाक आहे, त्यावर आम्ही आया बसतो. दार जाडजूड, आतून कडी. आतलं गाणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. बाकावरच्या सर्वांत जुन्या आईला मी मनातल्या मनात अध्यक्षीणबाई म्हणते. विणकाम करत करत ती नव्या आयांना नियम शिकवते. टिटवीचे बाबा तिथली एक जळालेली वायर बदलायला गेले आणि आता नाटकाची सगळी प्रकाशयोजनाच सांभाळतायत. दिवसभर लोकांच्या घरचे पंखे दुरुस्त करणारा माणूस, जेवताना निळ्या उजेडाबद्दल बोलतो.

लोभ आहेच, तो असू दे. शिवाय उत्तरही असू दे.
तुझी बारकी

ता. १५ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वर्गात वाचलं आणि मुलांना गणित सोडवायला देऊन दुसऱ्यांदा वाचलं. टिटवीला सांग, मावशीने तेव्हा कानात बोळे घातले होते, आता पहिल्या रांगेत बसेल. चष्म्याच्या दुकानातून तुला रजा मिळते ना रोज? मालकांना माझा नमस्कार सांग, म्हणजे ते विरघळतील.

दोन गोष्टी विचारते, रागावू नकोस. कडी आतून कशाला लावतात? मी इतकी वर्षं वर्ग घेतला, दार मुलांना वारा लागावा म्हणून उघडं राहिलं. आणि मागच्या वर्षी मुख्य भूमिका कुणी केली? ती मुलगी आता कुठे गाते? शिकवणाऱ्याची परीक्षा मी त्याच्या जुन्या मुलांवरून घेते, ही खोड जायची नाही.

तब्येतीला जप. माया आहे, ती कमी होणार नाही.
तुझी ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. घर इतकं शांत आहे की पेनचा आवाजही मोठा वाटतो. मॅडमनी टिटवीला तालमीबाहेर बोलायला बंदी केलीय. आवाज साठवायचा म्हणे. ती पाटीवर लिहून पाणी मागते. आधी आम्हाला हसू यायचं. मग आम्हीही हळू बोलायला लागलो, आणि आता तिचे बाबा दारसुद्धा दोन्ही हातांनी लावतात.

परवा सकाळी ती झोपेत काहीतरी बोलली. आवाज घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. बाकावर मी हा विषय काढला तर सगळ्या म्हणाल्या, सुरुवातीला असंच होतं, तुमची पहिलीच वेळ ना. मग तुझा प्रश्न विचारला. एकीला लगेच पिशवीत काहीतरी शोधायचं होतं. अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या, मागच्या वर्षी माझीच मुलगी होती, लोक रडले होते हो. आता कुठे गाते, म्हटलं. त्यांनी सुईवरचे टाके मोजले आणि म्हणाल्या, घरीच असते, आराम करतेय.

ज्या बाईची मुलगी आता येत नाही, ती बाई रोज त्या बाकावर का बसते, हे मला कळेना. टिटवीचे बाबा म्हणतात, तू फार विचार करतेस. करत असेन.

लोभ ठेव, आणि मला शहाणपण शिकव.
बारकी

ता. २० जुलै

प्रिय मावशी,
सा. न.

बोलायचं नाही म्हणून लिहिते, नाहीतर तुला माहीतच आहे मी किती लिहिते ते. मावशी, मी इतकी खूश आहे की सांगता येत नाही. शेवटच्या गाण्यात एक वरचा सूर आहे. मॅडम सगळे दिवे घालवून फक्त एक ठेवतात आणि मी त्याखाली उभी राहते. त्यांचा हात खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. जी सोडते ती मागच्या रांगेत जाते. मी अजून एकदाही गेले नाही. माझ्यामागे एक छोटीशी मुलगी आहे, तिला माझी सगळी गाणी पाठ करायला लावलीत. कशाला ते माहीत नाही.

गेल्या आठवड्यापासून तो सूर लावला की घशात काहीतरी फाटल्यासारखं होतं आणि तोंडात खारट चव येते. काल रुमालाला थोडं लाल लागलं. मॅडमना दाखवलं तर त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, आता आवाज उघडायला लागला. त्यांनी आजवर असं कुणालाच जवळ घेतलेलं नाही.

आईला सांगू नकोस. ती मला काढून घेईल, आणि मग मी कोणीच उरणार नाही.

मला विसरू नकोस.
तुझीच टिटवी

ता. २४ जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद.

टिटवीचं पत्र सोबत पाठवते. तिने सांगू नको म्हटलं होतं. मी सांगतेय, हे तिलाही वेगळं लिहिलंय. ती माझ्यावर रागावेल, रागावू दे. आजच घशाच्या डॉक्टरकडे ने. बाकावर कुणाला विचारत बसू नकोस.

ताई

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर आतलं दाखवलं. स्वरतंतूवर रक्ताचा फोड आहे. अजिबात गाणं नाही, बोलणंही नाही. तो फुटून व्रण राहिला तर आवाज परत यायची खात्री नाही, असं त्यांनी टिटवीच्या देखत सांगितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये प्रयोगाची तारीख शोधत होती.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. मला वाटलं भांडतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मुलीच्या तब्येतीपुढे काही नाही म्हणाल्या. एवढा एक प्रयोग होऊ द्या, मग मी स्वतः तिला विश्रांती देईन. टिटवी त्यांच्याकडे जशी बघत होती, तशी माझ्याकडे कधी बघितलेली मला आठवत नाही. तिचे बाबाही म्हणाले, एका प्रयोगाने काय होतंय. मी हो म्हटलं नाही. पण ताई, नाहीसुद्धा तोंडातून निघालं नाही.

आज दुकानात अध्यक्षीणबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी, चष्म्याचा नंबर काढायला. उंच, देखणी पोर. मालकांनी तिला तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. तिचे ओठ हलले आणि नुसती हवा बाहेर आली. मालकांना वाटलं लाजतेय, ते म्हणाले मोठ्याने वाच बाळ. तेव्हा आईने तिच्या तोंडाशी कान नेला आणि एकेक अक्षर आपल्या आवाजात सांगत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या हातातली फ्रेम मी कधी वाकवली मला कळलं नाही.

मुलगी आरशात चष्मे लावून बघत होती तेव्हा मी बाईंना म्हटलं, तुम्ही बाकावर कुणाला काहीच का सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, सांगण्यासारखं काय आहे, त्या दिवशी सगळं नाट्यगृह उभं राहिलं होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तुमचंही नशीब मोठं आहे.”

काय करायचं ते मला ठाऊक आहे. फक्त तू एकदा लिही.
बारकी

ता. ८ ऑगस्ट

बारके,

जा आणि हाताला धरून घेऊन ये. ती तुला कधीच माफ करणार नाही असं म्हणेल. पण ते म्हणायला तिला आवाज असेल, एवढं बघ.

ताई

ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिला घरातच ठेवलं होतं. दुपारी मी दुकानातून आले तर घर रिकामं. रंगीत तालीम होती आणि तिचे बाबा तिला घेऊन गेले होते. शेवटचं एकदा पोशाख घालून उभी राहू दे, गाणार नाही, असं तिने पाटीवर लिहून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

रंगीत तालमीला कडी नव्हती, सामान आत-बाहेर चाललं होतं. मी आत गेले तेव्हा शेवटचं गाणं सुरू झालेलं. ती एकटी उजेडात उभी होती आणि गात होती. सुंदर होतं, ताई. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीसुद्धा थांबले. मग तो वरचा सूर जवळ आला आणि मॅडमचा हात वर गेला.

मी रंगमंचावर कशी चढले आठवत नाही. तिचं मनगट धरलं आणि चालू लागले. ती मला ओढत होती, नखं मारत होती, पण तोंडातून आवाज काढला नाही. एवढं सगळं चाललेलं असताना आवाज साठवायचा नियम तिने पाळला. तिचे बाबा वर दिव्यांपाशी होते. तो उजेड आमच्या मागे मागे दारापर्यंत आला. त्यांनी वाट दाखवायला आणला की नुसत्या सवयीने, मी अजून विचारलेलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या रांगेतल्या त्या छोट्या मुलीला बोटाने पुढे बोलावलं, आणि आम्ही जिन्यापाशी पोचायच्या आत पियानो पुन्हा सुरू झाला.

आता घरात कुणी कुणाशी बोलत नाही. तिला डॉक्टरांनी बंदी केलीय, आम्हा दोघांना कुणी केलेली नाही.

तुझा लोभ मला आत्ता लागतो.
बारकी

ता. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोड जिरला. व्रण बारीकसा राहिलाय. गाण्याबद्दल डॉक्टरीणबाई अजून काही सांगत नाहीत, बोलायला मात्र परवानगी मिळाली. ती बाबांशी बोलते, तुझ्याशी फोनवर बोलते हे तू कळवलंसच. माझ्यासमोर पाटी घेते. मी पाटी पुसायला ओलं फडकं तेवढं देते.

काल दुपारी ती एकटीच आमच्या दुकानासमोरून चालली होती. मी दुकानाच्या दारातून बघितलं, मालकांना खूण केली आणि मागे गेले. ती छापखान्याकडे वळली तेव्हा मी भराभर चालू लागले. जिना चढताना मला वाटलं, संपलं, पोरगी परत चालली.

पुढच्या प्रयोगाच्या तालमी चालू होत्या. बाकावर त्या छोट्या मुलीची आई बसली होती, शेजारी अध्यक्षीणबाई विणत होत्या. टिटवी त्या आईसमोर जाऊन उभी राहिली. आवाज जुन्या कापडासारखा विरलेला, पण होता.

“आत्ताच घरी न्या तिला,” ती म्हणाली. “नंतर ती तुमचं ऐकणार नाही. मी आईचं नव्हतं ऐकलं.”

त्या बाईने तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. कीव केल्यासारखं हसली. अध्यक्षीणबाई तिच्या कानात म्हणाल्या, हीच ती, भूमिका गेली म्हणून मायलेकी जळतात. तेवढ्यात आतून त्या छोटीने सूर लावला. बाईने डोळे मिटले आणि आम्हाला गप्प बसायची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही खाली आलो. रस्त्याच्या कोपऱ्यावरही वरच्या खिडकीतून तो सूर ऐकू येत होता. टिटवीने माझी बाही घट्ट धरली. तो थांबेल म्हणून आम्ही तिथेच उभ्या राहिलो, आणि तो थांबत नव्हता.

तुला जमेल तेव्हा ये. पत्र नको, तूच ये.
तुझी बारकी