चौथऱ्यावरचे डाग

आई,

आपल्या पडक्या कोटाचं आता ऐतिहासिक उद्यान झालंय. बुरुजाला पिवळे दिवे, बाजूला झिपलाइन, प्लास्टिकच्या बाणांची तिरंदाजी, आणि भोकातून तोंड काढलं की आपण सरदार, असला फोटोचा फळा. लोक सहकुटुंब येतात, आइस्क्रीम खात इतिहास बघतात आणि चिकट हात तटाला पुसून जातात. मला ह्या सगळ्याची किळस येते. त्याहून जास्त आली ती ताईची.

ताई तिथे गाइड आहे. नऊवारी, दाबाची नथ, गालापाशी माइक. काल मी पहिल्यांदा गेलो आणि गर्दीत मागे उभा राहिलो. ती आपल्या चौथऱ्यापाशी थांबली. चुन्याच्या गिलाव्याचा तो, वाडीत सगळ्यात जास्त तापणारा. मला अजून दिसतं: मे महिना आहे, तू त्यावर रातांब्याची सालं पसरतेस, संध्याकाळी गोळा करून परत आगळात, त्यांच्याच रसात, बुडवतेस, सकाळी परत पसरतेस. हात कोपरापर्यंत जांभळे. मी कोंबड्या हाकतो आणि एकेक साल तोंडात टाकतो. तू म्हणतेस, "खा सगळी. पावसात आमटीत तुझं डोकं घालते." तू गेलीस तेव्हा मी दहावीत होतो, तोवर तो चुना काळालाल होऊन गेला होता.

ताई माइकवर म्हणाली, "हे डाग बघा. शेवटच्या लढाईतलं रक्त. इतक्या पावसांनी पण धुतलं नाही." कसली शेवटची आणि कसली पहिली! ह्या कोटात भांडणं झाली ती फक्त नळावर. पण लोक हळहळले. एकाने तर व्हिडिओ काढला.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. म्हटलं, तू आईला विकून खातेस, पुढच्या फेरीला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे हे आमसुलांचे डाग आहेत म्हणून. ती डबा उघडत होती.

"सांग की. सुरुवातीला मी तेच सांगायचे. लोक अच्छा म्हणायचे नि झिपलाइनकडे पळायचे. साहेब म्हणाले, बाई, स्वयंपाक नको, इतिहास सांगा. तू जाशील परत पुण्याला. माझी नोकरी गेली तर मी कुठे जाऊ?" आणि माझ्याकडे न बघता तिने अर्धी भाकरी पुढे केलीन. मी तिला विकाऊ म्हटलं. भाकरी खाल्ली.

निघताना देवरुखचं एक कुटुंब चौथऱ्यावर चढलेलं. दादा, जरा फोटो काढता का, म्हणून त्या गृहस्थाने मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांचा मुलगा बूट घालून डागांवर नाचत होता. जिभेवर आलं होतं, अहो, आमची आई इथे आमसुलं वाळवायची. ते अच्छा म्हणाले असते.

मी म्हणालो, "चपला काढा आधी. रक्त आहे ते."

सगळ्यांनी निमूट काढल्या. मुलाचे बूट बापाने स्वतः सोडले. बाईंनी वाकून चौथऱ्याला हात लावला आणि कपाळाला नेला.

ताईला हे सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण हे पत्र कुठे पोचायचं नाही.