मौनी आणि समुद्रापलीकडचं कोर्ट

४ तारीख, मंगळवार

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की तसंच बाजूला टाकशील, कोण जाणे. उघडलंस असं धरून लिहिते. तुझी तब्येत बरी असेल. माझी ठीक आहे, एक गुडघा सोडला तर. अजून त्याच कारखान्यात गणवेश शिवते. यंदा नर्सच्या कपड्यांचं काम आलंय. खिसे लावताना तुझी, तुझ्या नर्सच्या नोकरीची आठवण येते. सतरा वर्षांत एवढं तरी कळवायला हवं होतं.

फोन केला नाही, कारण वकिलीणबाईंनी फोनवर चकार शब्द काढायचा नाही असं बजावलंय.

आता वकिलीणबाई कशाला लागल्या, ते सांगते. मौनीला धरून नेलंय. आपला मौनी. चार वर्षांचा होईतो तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून तूच हे नाव पाडलंस. आता तेवीस पुरी झाली त्याला.

गेल्या महिन्यात मी कामाचा डबा भरत होते तेव्हा दोघं आले. एक इथला अधिकारी, दुसरा परदेशातला, पण आपली भाषा नीट बोलणारा. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. मला ‘बसा ना’ म्हणाले, माझ्याच घरात. त्याचीच जास्त भीती वाटली. मागच्या खोलीतलं मौनीचं कॉम्प्युटरचं सामान सगळं उचललं. टेबलावरच्या धुळीत आता नुसते स्वच्छ चौकोन राहिलेत. मी अजून पुसलं नाही.

तिकडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटरमध्ये हा शिरला होता, खुर्चीतून न उठता. मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा विचारलं, “कशाला रे गेलास परक्याच्या घरात?”

“दार उघडं होतं, आई. मी काही हलवलं नाही. दार उघडं आहे असं त्यांना कळवलं. दोनदा कळवलं.”

त्याचं पत्र तिथं कुणी वाचलंच नाही. अकराव्या दिवशी दुसरेच कुणी त्याच दारानं घुसले आणि सगळं बंद पाडून बसले. ऑपरेशनं थांबली. एका बाईंना दुसरीकडे हलवताना त्या अँब्युलन्समध्येच गेल्या. ज्यांनी बंद पाडलं ते सापडले नाहीत. मौनीनं पत्राखाली स्वतःचं नाव घातलं होतं, म्हणून तो सापडला.

त्या बाईंचा फोटो मी पाहिला. त्यांची लेक म्हणते, कुणीतरी जाब द्यायलाच हवा. ताई, तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण ‘कुणीतरी’ म्हणजे हाच का?

आता तो देश मागतोय त्याला. इथं खटला चालला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. तिथं एकेका कॉम्प्युटरची शिक्षा वेगळी मोजतात, बेरीज बासष्टवर जाते. बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत येणारा मुलगा हा.

वकिलीणबाई विचारत होत्या, लहानपणीचे दवाखान्याचे काही कागद आहेत का? मी म्हटलं, बघते. तुझ्याकडे काही असेल तर कळव.

तुझी धाकटी

१९ तारीख, बुधवार

ताई,

तुझं पत्र आलं. एकच ओळ लिहिलीस: ‘डॉक्टरांचा कागद मी तुझ्या हातात दिला होता, त्याचं काय केलंस?’ तू पहिल्यापासून अशीच. दुखरी जागा बरोबर शोधून तिथंच बोट ठेवणार.

फाडला.

तो सहा वर्षांचा असताना तू मला न विचारता त्याला तुमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांकडे नेलंस. ‘स्वमग्नता’ असं लिहिलेली तीन पानं घेऊन आलीस. मी काय बोलले ते तुला पाठ असेल. ‘माझ्या पोराला वेड्यात काढतेस?’ म्हणाले आणि दाराबाहेर घालवलं. त्यानंतर दोन-अडीच वर्षं तो कागद कपाटात कपड्यांखाली होता. मग शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा वाटलं, हा कुणाच्या हाती लागला तर पोराचं आयुष्य संपलं. बारीक तुकडे केले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, हे तू त्या दिवशी दाराबाहेर पडतानाच म्हणाली होतीस.

वकिलीणबाई तुझ्या जुन्या इस्पितळात जाऊन आल्या. दहा वर्षांपलीकडचं ते ठेवत नाहीत. ते डॉक्टरही वारले. नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तुरुंगात तपासून तेच लिहिलं, पण समोरचे वकील म्हणतात, पकडल्यावर शिकलेली सोंगं आहेत. लहानपणचा पुरावा दाखवा. तो असता तर अशा माणसाला तिकडे पाठवू नका म्हणता आलं असतं.

अजून एक आहे. हे मी वकिलीणबाईंनाही सांगितलं नव्हतं, त्यांना समोरच्यांच्या कागदांत मिळालं.

त्या सकाळी परदेशी साहेबांनी मला गोड आवाजात विचारलं, “मुलगा लहानपणापासून कसा आहे?” मला वाटलं, चांगलं बोलले तर सोडतील. म्हटलं, “अगदी शहाणा. कधी काही आजार नाही. बरं काय, वाईट काय, सगळं कळतं त्याला.” त्यांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. पोराचं कौतुक करायला गेले आणि माझ्याच हातानं त्याच्या गळ्यात दोर अडकवला.

येत्या मंगळवारी मला साक्षीला उभं राहायचंय. मौनीसमोर सांगायचंय. त्याला काय आहे हे मी त्याला कधी बोलले नाही. तू येशील? माझ्यासाठी नको येऊस.

तुझी धाकटी

१६ तारीख, रविवार

ताई,

तू आलीस, साक्ष दिलीस, माझ्याकडे चार दिवस राहिलीस आणि एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर सोपं गेलं असतं.

माझी साक्ष झाली तेव्हा तू बाहेर बाकावर होतीस. आत काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा बोलणं जेवणावर नेलं.

समोरच्या वकिलांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “ही सही तुमची?”

“माझी.”

“वर लिहिलंय ते खरं?”

“खोटं. पोराला सोडावं म्हणून बोलले.”

“आणि आज जे सांगताय तेही पोराला सोडावं म्हणूनच ना, बाई?”

बोलले तरी खोटी, गप्प राहिले तरी खोटी. तेवढ्यात आरोपीच्या काचेमागून मौनी उभा राहिला. “आईला असं विचारू नका. तो कागद होता. मी वाचलाय, आठ वर्षांचा असताना, कपाटातून काढून.” आणि म्हणायला लागला. पहिलं पान, दुसरं पान, खालची तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकसुद्धा. न्यायाधीश ‘बसा’ म्हणाले तरी शेवटच्या ओळीपर्यंत थांबला नाही. ताई, इतकी वर्षं त्याला माहीत होतं. मी लपवतेय हेही माहीत होतं.

समोरचे वकील हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “इतकी तल्लख बुद्धी. याला कसला आजार म्हणायचा, हे आता कोर्टानंच बघावं.”

निकाल तुला वकिलीणबाईंनी कळवला असेलच. अकरा मिनिटांत संपला. न्यायाधीश मला वाईट वाटले नाहीत. म्हणाले, मुलगा दोषी आहे की नाही ते मी ठरवत नाही, मागणीचे कागद रीतसर आहेत की नाहीत एवढंच बघतो. कागद रीतसर होते. आमचाच कागद नव्हता, पाठ म्हटलेला धरत नाहीत. मावशीची साक्ष जवळच्या नात्यातली, आईनं जबाब फिरवलेला. अपील कित्येक महिने पडून राहिलं, मग वरच्यांनी दाखलच करून घेतलं नाही.

शेवटची भेट गुरुवारी झाली. वीस मिनिटं, मध्ये टेबल. भिंतीपाशी एक शिपाई घड्याळ बघत उभा. कपडे किती न्यायचे, चष्मा जवळ ठेवू देतील का, हे त्यानं क्रमानं विचारून घेतलं. मग म्हणाला, “आई, तिकडे माझ्यासाठी नेमलेल्या वकिलांचं पत्र आलंय. मीच सगळं बंद पाडलं असं कबूल केलं तर सात वर्षं. नाही म्हटलं आणि हरलो तर बासष्ट. ते म्हणतात, तिथं शंभरातले नव्वदजण कबूल करतात.”

“मग?”

“पण मी बंद पाडलं नाही. जे केलं नाही ते केलं असं कसं लिहायचं?”

दुसऱ्या कुणाला पटवता आलं असतं. याला खोटं बोलताच येत नाही, हे तुझ्या डॉक्टरांनी सतरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. शिपायानं दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं राहिली. मी म्हटलं, “लिहून टाक. कबूल कर आणि ये परत.”

मौनी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून उभा राहिला आणि शिपायाला म्हणाला, “माझं झालं.”

काल दुपारी विमान सुटलं. विमानतळावर येऊ दिलं नाही. पुढच्या महिन्यात तिकडच्या कोर्टात त्याला विचारतील, कबूल की नाकबूल. तोपर्यंत एकच पत्र पोचेल असं वकिलीणबाई म्हणतात. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

ते एक पत्र तू लिही. तुझं तो ऐकेल. काय लिहायचं, हे मात्र मला विचारू नकोस.

मौनीची आई