घरच्या शाळेबद्दल, बाईंना

बाई, दिवाळीपासून मी माझ्या दोन्ही मुलांना घरीच शिकवते आहे, आणि आता त्यांचं नाव शाळेतून कायमचं काढायचं की नाही हे सोमवारपर्यंत ठरवायचं आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी असलं काही पुढे आलं की मनातलं बोलणं तुमच्याशीच सुरू होतं.

वारूळवाडीच्या आमच्या वस्तीवरून शाळेकडे जाणारा रस्ता उसामधून जातो. दिवाळी झाली आणि तिथे बिबट्याची मादी दिसली, सोबत पिल्लं. शेजारच्या गोठ्यातलं वासरू गेलं. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. दोघांना घरी ठेवलं. तेव्हा सगळ्यांनीच ठेवलं होतं. मग बाकीची मुलं परत जायला लागली, कुणी जीपमधून, कुणी वडिलांच्या मोटरसायकलवर. माझी राहिली. आई एम.एस्सी. झालेली आहे, मग अडतंय कुठे, असं मी म्हणायचे. आणि खरोखर काही अडलं नाही. मुलीला अपूर्णांक आले, मुलगा वाचायला लागला. नवरा टोमॅटो बाजारात देऊन परतला की ओट्यावर मांडलेली आमची शाळा बघून म्हणतो, "बरंय राव, मास्तरीण घरची, डबा पण गरम! दहावी बाहेरून देता येती म्हणत्यात." सासूबाईंना मात्र पटत नाही. "पोरांना पोरं लागत्यात गं. तुझ्या एकटीच्या तोंडाकडं किती दिस बघत्याल?" मी हसण्यावारी नेलं.

माहेरी, पिंपळवंडीला, माझ्या लहानपणीही अशीच बिबट्याची आवई उठली होती, आणि आईनं मला घरी ठेवलं होतं. मला अजून दिसतं, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या आहात, हातात चहाची बशी. आई भाकरी थापता थापता सांगते, "बाई, तिला समदं येतंय. तिचं वडील शिकवत्यात घरी. शाळा काय जिवापेक्षा मोठी न्हाई." तुम्ही तिच्या भीतीला हसत नाही. "खरंय तुमचं," म्हणता, "नाहीच मोठी. म्हणून उद्यापासून मीच न्यायला येते." तो सगळा हिवाळा तुम्ही वस्त्यावस्त्यांवरून आम्हाला गोळा करत नेलंत. सगळ्यांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे, आणि सगळ्यात लहान पोर पुढे, म्हणजे त्याच्या चालीनं सगळे चालतील. शाळा भरायच्या आतच तुमचा घसा बसलेला असायचा. तुम्हालाही भीती वाटत असणार, हे मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं.

तुमच्या वर्गाची एक रीत होती. ज्याचं गणित आधी होईल त्यानं, ज्याचं अडलंय त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. उत्तर सांगायचं नाही, नुसतं विचारत जायचं. मला ते जमायचं नाही. एकदा वैतागून मी शेजारच्या मुलीच्या पाटीवर उत्तर लिहूनच टाकलं. तुम्ही पाटी उचललीत, हातानं पुसलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुला उत्तर आलं. हिचं कुठं अडलं ते आलं का?" मला रडू आलं होतं. पुढे कॉलेजात खूप हुशार माणसं शिकवायला भेटली, पण हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

परवा ओट्यावर मुलगा वजाबाकीशी झटत होता. मुलगी म्हणाली, "एवढं पण येत नाय? दे इकडं." तिनं उत्तर लिहिलं, आणि तो सुटल्यासारखा खेळायला पळाला. मी तिला तुमची रीत सांगितली.

"मग त्याला लई वेळ लागंल," ती म्हणाली.

"लागू दे की. तू थांब."

"आणि माझं अडल्यावर कोण थांबणार? तू तर लगेच सांगून टाकतीस." मग वही मिटत म्हणाली, "माझं चुकलं तर इथं हसायला पण कुणी नाय."

चुकल्यावर हसायला कुणी नाही, हीच घरच्या शाळेची सगळ्यात चांगली बाजू आहे असं मी धरून चालले होते. ती मात्र तक्रार करत होती. तिला हसणारं कुणी हवं होतं, आणि उलटून हसायलाही.

नाव काढणार नाही, बाई. जीपवाल्याशी बोलले आहे, सोमवारपासून दोघं शाळेत जातील. हा कागद वहीतच राहील, म्हणून एवढं लिहिते. त्या मादीला आणि पिल्लांना वनखात्यानं पिंजरा लावून कधीच नेलं. त्यानंतरही कुणी विचारलं की मी "अजून भीती आहे" म्हणत राहिले. भीती गेली होती. मुलगा अडखळत अख्खं वाक्य वाचायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा, ते मला सोडवत नव्हतं. त्या वेळी आपण थोड्या तुमच्यासारख्या झालोय असं वाटायचं. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी आम्हाला ज्याच्या त्याच्या घरी सोडून एकट्या परत जायचात. सोमवारी मुलांना जीपमध्ये मीच बसवणार आहे. पण मला ती जायला नको आहेत.