हाकेची पोच

३ फेब्रुवारी
आज ओतूरला रुजू झाले. एसटी स्टँडमागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. खिडकीतून कांद्याचे ट्रक दिसतात. मालक पीयूषभाऊ कांदाचाळीतली हवा मोजणारी यंत्रं बनवतात. चहाला झुंबरबाई. तिनं आल्या आल्या विचारलं, डबा आणलाय का न्हाई. अब्बांनी रेडिओ उघडून घरीच मला सगळं शिकवलं, हे सांगितल्यावर पीयूषभाऊ म्हणाले, मग डिग्रीवाल्यांपेक्षा बरं. महिनाभर काम बघून कायम करणार. दिवसभर खुशीत होते.

५ फेब्रुवारी
यंत्रातल्या हवा मोजणाऱ्या कार्डाला काही सांगायचं असलं की ते संगणकाला हाक मारतं. हातातलं टाकून संगणकानं आधी तिकडे बघायचं. याला इंटरप्ट म्हणतात. ती हाक ऐकणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आमचा ड्रायव्हर खुला आहे. कुणीही वाचावा, सुधारावा, सुधारणाऱ्याचं नाव त्यात राहतं. त्यात सगळीकडे एकच नाव आहे, चेतना. माझ्याआधी ती इथे होती. दोष असा की कार्डाला जोडलेल्या तारा काढल्या तरी हाका थांबत नाहीत. सेकंदाला हजारो.

९ फेब्रुवारी
चेतना असती तर एव्हाना सापडलं असतं, असं पीयूषभाऊ म्हणाले. झुंबरबाईचंही तेच. लई गुणाची पोर व्हती म्हणे, ताटावरनं उठून मशीनपाशी जायची. आता राजुरीला घरी बसून असते, कुणाशी बोलत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिचा कोड किती स्वच्छ आहे.

१२ फेब्रुवारी
सापडलं. तिच्या फोल्डरमध्ये, न पाठवलेली दुरुस्ती. हाक ऐकल्याची पोच कार्डाला द्यावी लागते, नाहीतर ते हाक मारतच राहतं. चारच ओळी. मी त्या घातल्या. आणि, हे लिहायलाच हवं, तिचं नाव काढून माझं घातलं. त्या ओळींवरचंच नाही. ड्रायव्हर कोण सांभाळतं, तिथेही शिफा. दुसऱ्यानं दुरुस्त केलेल्या रेडिओवर अब्बांनी कधी स्वतःची चिठ्ठी लावली नाही. मशीन शांत झालं. पीयूषभाऊंनी पेढे आणले.

१४ फेब्रुवारी
सकाळी जुन्नरला घरी भाकरी थापत होते. मग एकदम ओतूर, मशीनसमोर, हाताला पीठ. मधलं काही आठवत नाही. एसटीचं तिकीट मुठीत होतं.

१७ फेब्रुवारी
आज चारदा. अम्मी विचारते, कुठे जातेस. पीयूषभाऊ कौतुक करतात, चेतनाचीच सवय लागली म्हणतात. मी कार्ड काढून कपाटात ठेवलं. तरी—

१८ फेब्रुवारी
चेतना आली. हसत, भेळ घेऊन. बारा तारखेपासून एकदम बरी आहे म्हणाली, डोक्यातलं ओझंच उतरलं. माझ्या हाताला पुन्हा पीठ होतं. तिनं ते बघितलं, नजर वळवली. निवांत बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं तिनं. तिच्या कोडचासुद्धा मला इतका हेवा वाटला नव्हता.

२० फेब्रुवारी
मला पोच देता येत नाही. कुणाला द्यायची. तिचं नाव परत घातलं की मी सुटेन. ती मात्र पुन्हा— माहीत आहे मला. तरी घालणार.

२१ फेब्रुवारी, दुपार
तीनदा ‘चेत’पर्यंत आले. भानावर येते तर तिथे शिफाच. माझ्याच बोटांनी. आता एका दमात. आधी इथे लिहून बघते, मग तिथे—
चेत