पडदा, लाल खूण आणि दिराचे दोन दात

मी, हे मृत्युपत्र लिहून देणार, वय एकाहत्तर, शिक्षण गावच्या शाळेत चौथी. डोकं ठिकाणावर आहे, हात अजून जड आहे. शंका असेल त्याने माझ्या दिराला विचारावं.

घर मुलीला.

पोलादी पातंही तिलाच. आमचे हे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्या पात्याने पाणी गाळायचा पडदा बनवायचे. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, पातं एका दमात ओढायचं, अकरा आकडे मोजायचे, मग काच पाण्यात बुडवायची. प्रयोगशाळेच्या सरांनी त्यावर निबंध लिहिला, विद्यापीठाने पडदा बनवायचे हक्क दिराच्या कंपनीला दिले. कंपनीच्या यंत्रातून पडदे गुंडाळ्यांनी निघाले, पण चाळणीसारखे. हे म्हणायचे, "अकरा मोज रे." दीर म्हणायचा, "दादा, यंत्राला शाळेत घालू का?"

कंपनीत पडदा तपासायच्या टाकीवरचं दाबाचं घड्याळ पोलिसांना. यांनी त्यावर माझ्या नेलपॉलिशने बारावर लाल खूण केली होती. त्यापुढे टाकीचं झाकण टिकत नव्हतं. गिऱ्हाइकं येणार त्या दिवशी दिराने ती पुसली. "वहिनी, हे काय पोरकट!" मी डबा घेऊन गेले होते, सगळं बघितलं. गिऱ्हाइकांसमोर त्याला चेव आला, दाब वाढवायची चावी फिरवतच राहिला. हे ओरडले, "सोड!" झाकण उडालं ते यांच्या छातीत घुसलं. रक्त छतापर्यंत गेलं. आणि दीर काय म्हणाला? "दादानेच फिरवली चावी."

मी तेच घड्याळ उपटलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दुसऱ्यांदाही हाणलं. तिसऱ्यांदा सर मध्ये आले, त्यांचं मनगट मोडलं. सरांची माफी मागते.

दिराला त्याचे दोन दात. काड्यापेटीत जपून ठेवलेत.

सरकारी कागदावर अजून 'मयताची स्वतःची चूक' असं आहे. ते खोडलं जावं म्हणून हा सगळा खटाटोप. घड्याळाचा काटा एकोणीसवर अडकलाय. दाब किती होता ते तो सांगतो, चावी कोणी फिरवली ते सांगत नाही. माझं कोण ऐकणार? मी तर दात पाडणारी बाई.

जाऊबाई, त्या दिवशी तू माझ्या शेजारीच उभी होतीस. बारा वर्षं नवऱ्याला चोरून माझ्याकडे चहाला येतेस आणि कपात बघत बसतेस. वकील म्हणतो, साक्षीदाराला काही ठेवू नये. म्हणून तुला काहीच ठेवत नाही. खाली दोन ओळींची जागा सोडलीय. पेन माझं आहे, परत दे.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर
तारीख : सोमवार, यांना जाऊन बारा वर्षं झाली तो दिवस
सही : लिहून देणार

साक्षीदार १ : शेजारचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हसत होत्या.

साक्षीदार २ : धाकटी जाऊ. मी तिथे होते. चावी आमच्या ह्यांनी फिरवली. मोठे भाऊजी 'सोड' म्हणत होते.