कौलावरचा दात

शहापूर,
८ जानेवारी २०२५

ति. रंजिताताईस,
धाकट्या शीतलचा शि. सा. न. वि. वि.

तुझंच खरं. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि शेवटी कोणाचं कोणाला कळत नाही. म्हणून हे पत्र.

जत्रेला दिपिका येणार म्हणजे येणारच. शाळा बुडते म्हणून मी नाही म्हणून पाहिलं, पण तिच्या बाबांना तिने केव्हाच फितवलंय. मनोज शनिवारी गाडीवरून तिला म्हशाला सोडतील. तुझा कान्हा नि ही एकत्र आली की तुझ्या घराचं काय होतं ते मला ठाऊक आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवते.

एकच सांगणं आहे. तिचे पुढचे दोन मोठे दात आता पुरते आलेत. मागच्या वर्षी तुझ्याकडेच दुधाचा दात पडला आणि तू तो कौलावर टाकून उंदराला नवीन मागितलास, आठवतं ना? उंदराने दिला गो, पण फार उशिरा. वर्षभर पोरगी तोंडावर हात ठेवून हसायची. वर्गातली मुलं बोळकी म्हणायची. आता आरशासमोरून हलत नाही. तर ऊस आणि चिक्की जरा बेताने दे.

भावजींना नमस्कार, कान्हाला गोड पापा. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
शीतल

---

म्हसा, ता. मुरबाड,
१७ जानेवारी २०२५

चि. शीतल हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू मुरबाडच्या दवाखान्यात आलीस, पोरीला उचललंस नि माझ्याकडे न बघता निघून गेलीस. फोन उचलत नायस. बरं. मग आता मी बोलते नि तू ऐक, मधे तोंड घालायची सोय नाय.

जत्रेचा दिवस. घरात पाव्हणे, चुलीवर दोन पातेली. पोरं अंगणात बोअरिंगच्या हातपंपावर पाणी मारत होती. कान्हाने दांडा दाबला आणि कोणीतरी हाक मारली म्हणून सोडला. दांडा वर आला तो थेट दिपूच्या तोंडावर. मी धावले तर ओंजळीत रक्त नि रक्तात दात. मी तोंड धुतलं, ओला फडका लावला, साखर दिली. रक्त थांबलं तसा माझा जीव भांड्यात पडला.

मग तो दात मी कौलावर टाकला. हो, मीच. सगळ्या पोरांना रांगेत उभं करून, उंदराला हाक मारून, अगदी थाटात. तू पत्रात मोठ्या दातांचं लिहिलं होतंस, पण त्या गडबडीत ते आठवलंच नाय; आठ वर्षांच्या पोरीचा पडला म्हणजे दुधाचाच, दुसरं काय मनात येणार? दिपू रडत सांगत होती की हा मोठा दात आहे, हा परत येत नाय. मी म्हटलं, येतो गो, येतो. पाव्हण्या बायाही हसल्या. आणि मी तुला हसतच फोन केला की उंदराला आणखी एक दिला म्हणून. तू जी किंचाळलीस ती अजून कानात आहे.

पुढचं तुला ठाऊक नाय. तू सांगितलंस म्हणून तुझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लगेच फोन आला. फार शांत बोलल्या बाई. दात शोधा, मुळाला हात लावू नका, घासू नका, पुढच्या टोकाला धरा, थंड दुधात ठेवा आणि जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे पळा, म्हणाल्या. जितका उशीर तितका दात लागणं कठीण. शीतल, टाकताना मी केवढा जोर लावला होता!

तुझे भावजी शिडी आणेपर्यंत मी पडवीच्या खांबावरून वर. खालून आरडाओरडा, की बाई पडशील, कौलं फुटतील. चार फुटलीच. फुटू देत. दात पन्हळीत सापडला, सागाच्या वाळक्या पानांत. तिथे कान्हाचे जुने दोन दातही होते, पण ते बारके, मुळं नसलेले. दिपूचा चांगला लांब, मुळासकट. बघूनच कळलं की पोरगी खरं सांगत होती.

म्हशीचं दूध डबीत घेतलं, त्यात दात, आणि तिघं मोटारसायकलवर. जत्रेचा रस्ता तुला माहीतच आहे. पुढे बैल, मागे बैल, मधे घोंगड्यांची दुकानं. भावजी हॉर्न वाजवतायत नि मी ओरडतेय की वाट द्या, पोरीचा दात आहे. एका बैलवाल्याने आपली अख्खी जोडी बाजूला घेतली. दिपू फक्त डबी सांडू नको, एवढंच म्हणत होती.

डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्यांना तारेने बांधला. टिकेल की नाय ते आत्ता सांगता येत नाय, म्हणाले. तेवढ्यात तू आलीस.

पोरीला संक्रांतीचा तिळाचा लाडूसुद्धा खाता आला नाय, ते मला फार लागलंय. दात हलतो का एवढं तरी कळव.

रागावलीस तरी माझीच आहेस.

ताई

---

शहापूर,
२४ जानेवारी २०२५

ति. ताई,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मनोजनी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि तू खांबावर चढलीस तिथे हसले. मला हसू आलं नाही.

दात हलतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, तार असेपर्यंत थोडा हलणारच. पुढे तो धरेल, काळा पडेल किंवा गळून जाईल, तिन्ही होऊ शकतं. थोडा वेळ तो कोरडा राहिला ना, तेवढंच त्यांना भय वाटतं. दिपू पेज, खिचडी आणि मऊ भात खाते. रोज मऊ ब्रशने दात घासते आणि मग आरशात बघते. पण हसत नाही. पुन्हा तोंडावर हात ठेवायला लागलीय. 

तू दात टाकलास म्हणून राग नाही. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही टाकला असता, आपल्या आईने हेच शिकवलंय. राग याचा आहे की पोरगी रक्ताच्या तोंडाने सांगत होती आणि सगळ्या मोठ्या बाया हसत होत्या. लहानपणी तू माझंही असंच ऐकायची नाहीस. मला वाटायचं तुला पोर झालं की सुधारशील.

मे महिन्यात दिपूला तिकडे पाठवणार नाही. उगाच वाट बघू नकोस. कान्हाला मात्र सांग की त्याच्यावर कोणी रागावलेलं नाही, तो फोनवर फार रडला.

भावजींना नमस्कार. लोभ कमी झालेला नाही, फक्त थोडा दुखावलाय.

शीतल

---

म्हसा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. शीतल,
आशीर्वाद.

तुझं खरं आहे. पोरगी सांगत होती, मी ऐकायला हवं होतं.

सोबत भावजींच्या हाती नाचणीचं पीठ आणि नवीन तांदळाची कणी पाठवतेय. कणीची पेज मऊ होते. साखर घालू नको, मीठ घाल, दाताला बरं.

बोअरिंगचा दांडा आता पोरांना धरायचा नाय, असा घरात कायदा केलाय. आणि शेजारची बाई परवा नातवाचा दात घेऊन कौलाकडे निघाली, तिचा हात मी वरच्यावर धरला. आधी मूळ बघितलं, मगच टाकू दिला. ती म्हणाली, रंजिताबाई डॉक्टर झाल्या. म्हटलं, झाले गो, फी फार पडली.

मे महिन्याचं तू ठरवशील तसं. मी वाट बघणार नाय म्हणते, पण कैऱ्या आत्तापासून मोजतेय. दिपूला सांग, मावशीने विचारलंय की दात हलतो का. दुसरं काय विचारत नाय.

तुला दुखावणारी पण तुझीच,
ताई

---

शहापूर,
२ मार्च २०२५

ति. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

दात हलत नाही!

पहिल्या ओळीतच सांगून टाकलं, नाहीतर तू बाकीचं वाचलंच नसतंस. तार कधीच निघाली. काल पुन्हा तपासायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दात ठोकून पाहिला, फोटो काढला आणि म्हणाल्या की धरलाय. अजून वर्षभर लक्ष ठेवायचं, रंग बदलला तर लगेच जायचं. पण आज तरी पांढरा आहे आणि घट्ट आहे. बाहेर आल्यावर दिपूने काच दिसेल तिथे हसून बघितलं. एका गाडीच्या आरशात बघून हसली तर आतला माणूसही हसला.

आता गंमत ऐक. परवा भाकरी खाताना तिचा बाजूचा एक दात पडला. हा खरोखर दुधाचाच, मी मूळ बघितलं, तू शिकवलंस तसं. पण मी बघायच्या आधीच ही बया स्वयंपाकघरात पळाली आणि चहाच्या दुधाच्या पातेल्यात दात टाकून मोकळी! मनोजना कोरा चहा प्यावा लागला. किती समजावलं की हा टाकायचाच असतो, तरी ऐकेना.

शेवटी तयार झाली, पण आपल्या इमारतीच्या गच्चीवर नको म्हणाली. तिथे कौलं नाहीत, उंदीर कसा येणार? मी विचारलं, मग कुठे टाकायचा? तर मावशीच्या घरावर. मी म्हटलं, तिथे तुला भीती नाही का वाटत, मावशीने तर तुझा चांगला दात फेकला होता. तर माझ्याकडे बघून म्हणाली की फेकला होता, पण मग मावशीच वर चढली होती ना.

ताई, दिवसभर मी तेच वाक्य घेऊन बसले. तू चढलीस हे पत्रात वाचलं होतं, पण ते दिसलं आत्ता.

दात धुऊन काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. परीक्षा संपली की ती स्वतः घेऊन येईल. तिच्यासोबत मीही येते, चांगली आठवडाभर. तू फोडलेली चार कौलं तोवर बसवून घे.

भावजींना नमस्कार, कान्हाला पापा. माया वाढलीय, ती आता तशीच वाढती ठेव.

तुझी,
शीतल

ता. क. खाली दिपूने लिहिलंय, मी वाचलं नाही असं तिला सांगितलंय.

मावशी, या वेळी तू खाली उभी राहा. मीच टाकणार. पण टाकायच्या आधी तू नीट बघ.